खांबाची कंबर

"गेली! दोन इंच चरबी गेली!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. माझी धाकटी बहीण मंचावर पिवळ्या दिव्याखालून उठून उभी होती आणि तेजोगुरू मोजायची टेप हवेत नाचवत होते. दिव्याखाली बसण्याआधी कंबर अठ्ठेचाळीस, तासाभरानं शेहेचाळीस! मागच्या भिंतीवर नुसत्या पोटांचे मोठाले फोटो. एकालाही डोकं ठेवलेलं नव्हतं.

"चरबी म्हणजे काय?" गुरूंनी विचारलं.

"साठलेलं पाप!" दोनशे माणसं ओरडली.

"वितळतं कशानं?"

"तेजानं!"

माझी बहीण म्हणजे जणू मेणबत्तीच.

पुढच्या आठवड्यात दिव्याआधीचं माप आलं एकोणपन्नास. "घरी जाऊन चरलीस! मी उतरवतो, तुझी जीभ चढवते," गुरू गरजले. लोक खदाखदा हसले. धाकटी मान खाली घालून दिव्याखाली बसली आणि सत्तेचाळीस होऊन उठली. असे सहा आठवडे गेले.

ती चरत नव्हती. दोन घासांवर उठायची; ताट मीच वाढत होते. त्याआधी दम लागतो, पोट जड वाटतं म्हणून ती दवाखान्यात गेली होती. डॉक्टर खुर्चीतून न उठता म्हणाला, "आधी वजन उतरवा, मग बघू." पोटाला हातसुद्धा लावला नाही. तिथून ती थेट गुरूंकडे.

मी कपडे शिवते. सहाव्या आठवड्यात तिचा ड्रेस दुरुस्तीला घेतला. बाह्या सैल पडल्या होत्या, त्या आत घेतल्या. कंबरेला मात्र शिवण उसवून सगळी माया सोडावी लागली. शिवणीत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला आम्ही माया म्हणतो. दंड वाळत होते आणि पोट वाढत होतं. खाऊन कुणी असं जाड होत नाही. मग गुरूंची टेप दर आठवड्याला दोन इंच कशी उतरवत होती?

सातव्या बैठकीला मी अगदी पुढे बसले. गुरूंनी पहिलं माप डाव्या खिशातल्या टेपनं घेतलं, दुसरं उजव्या खिशातल्या. मी मंचावर चढले.

"गुरुजी, जरा या खांबाला मोजा."

"खांबात पाप नसतं, बाई."

"म्हणूनच म्हणते."

ते हसत होते तोवर मी दोन्ही खिशांतल्या टेपा ओढून काढल्या. डावीनं खांब साठ इंच भरला, उजवीनं साडेसत्तावन्न. मी दोन्ही टेपा शेजारी शेजारी धरल्या. उजवीवरचा प्रत्येक इंच थोडा लांब छापलेला होता.

"खांब अडीच इंच बारीक झाला!" मागून कुणीतरी ओरडलं.

एवढ्यावर मी थांबणार नव्हते. गुरूंची कंबर आधी उजवीनं मोजली, मग डावीनं. साडेछत्तीस, लगेच अडतीस. "गुरुजी, एवढ्यात दीड इंच पाप कुठं केलंत?" खोटं कशाला बोलू, मजा आली.

लोक पिसाळले. "ढेरपोट्या! ढोल्या!"

तेव्हा धाकटी पुढे झाली. आवाज क्षीण होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "त्याच्या पोटाला नावं ठेवू नका. त्याच्या खोटेपणाला ठेवा."

दुसऱ्या दिवशी तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. अंडाशयाची गाठ निघाली, अकरा किलोची. शस्त्रक्रिया झाली, धाकटी वाचली. सातही आठवड्यांची मापं लिहून मी तक्रार दिली आणि पोलीस गुरूंना घेऊन गेले.

मग मी त्या पहिल्या डॉक्टरकडे गेले. अहवाल टेबलावर ठेवला.

"वाचा. मोठ्यानं."

'अकरा किलो'पर्यंत येऊन त्यानं मान वर केली. "मला वाटलं, नुसती चरबी..."

"पुन्हा वाचा," मी म्हटलं. बाहेरच्या बाकांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईपर्यंत त्याला वाचायला लावलं.

मी दोघांनाही माफ केलेलं नाही. एकानं दिवा लावला, दुसऱ्यानं नुसतं नजरेनं निदान केलं, पण अंधश्रद्धा दोघांची एकच: जाड माणसाला जे काही होतं, ती त्याचीच चूक. चरबी म्हणजे पाप नव्हे, तो शरीराचा एक भाग आहे. तिच्याकडे बोट दाखवून ना माणूस कळतो, ना त्याचा आजार. चमत्कार दिसला तर तपासा. आणि समोर जाड माणूस बसला असेल, तर बोलायच्या आधी तपासा.