बटण सोडू नये

पायरी तीन. वाकलेली पट्टी सरळ करून घ्यावी.

थोरलीने फोनवर शोधलेल्या दुरुस्तीच्या यादीत तिसरीपासूनच सुरुवात करायची, कारण पहिल्या दोन पायऱ्या, काच रुळातून सोडवणे आणि तिची पट्टी मोकळी करणे, जावयाने, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, शुक्रवारीच स्वतःच्या हाताने उरकल्या होत्या. झालं असं, की धाकटीने बॅग मागच्या सीटवर टाकली, गाडीत बसून दारं आतून लावून घेतली, आणि छताची काच उघडी राहिलीय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. जावई बॉनेटवरून वर चढला. काचेची कड दोन्ही हातांनी धरून त्याने कोंबडीची मान पिरगाळावी तशी ती पिरगाळली. मग आत हात घालून धाकटीचे केस धरले. पुढचं थोरलीला फोनवर कळलं, तेही अर्धंमुर्धं, कारण धाकटीचा ओठ फाटला होता आणि तिला ओठ मिटून बोलायचे शब्द काही बोलता येत नव्हते.

थोरली लिफ्टची मेकॅनिक. बावीस वर्षं तिने लोकांना अडकल्या लिफ्टमधून ओढून बाहेर काढलं होतं. रविवारी पहिल्या बसने ती हत्यारांची पेटी घेऊन आली. बहीण घ्यायची आणि चालू पडायचं, एवढंच काम.

"बसने जाऊ. चल."

"गाडी सोडून येणार नाही, ताई."

"अगं, लोखंड आहे ते."

"माझ्या नावावरचं आहे." धाकटी घरोघर जाऊन लोकांचे आखडलेले गुडघे न् खांदे चालते करायची. तिचे स्वतःचे पाय म्हणजे ही गाडी. पण कारण ते नव्हतं. "ती इथे राहिली तर न्यायला मला परत यावं लागेल. आणि मी परत आले ना, तर राहीन. मला माहितीय मी राहीन."

थोरलीने स्टूल गाडीशेजारी ओढलं. पेटी उघडली.

काच डाव्या बाजूने उचललेली, उजवीकडे रुळातून निसटलेली. अशीच घेऊन निघालं तर मोठ्या रस्त्याला लागल्यावर वारा खाली शिरणार आणि काच उडून मागच्या कुणाच्या तरी तोंडावर बसणार. काढून टाकावी, तर काल जावयाने पश्चात्ताप झाल्यासारखं करत स्क्रू-ड्रायव्हर फिरवून चारही स्क्रूंची डोकी गुळगुळीत करून ठेवली होती. म्हणजे बसवायचीच. बसवून मिटवायची.

पायरी चार. यादीत नाही.

जावई दारात उभा राहून बघत होता. गल्लीत त्याच्याइतकं गोड बोलणारं कुणी नव्हतं.

"दमाल हो ताई. मी माणूस बोलावलाय, उद्या येईल."

"उद्या आम्ही नसू, जावईबापू."

"असं का बोलता? नवरा-बायकोत भांड्याला भांडं लागतंच."

"तिच्या ओठाला कुठलं भांडं लागलं?"

थोरली स्टुलावर उभी होती, कमरेपर्यंत छतात वाकलेली. जावयाने स्टुलाला लाथ घातली. रागाने नाही, दार लावावं तशी, सहज. ती खाली येताना तिची हनुवटी गाडीच्या कडेवर आपटली. तोंडात रक्त आलं आणि रक्ताबरोबर काहीतरी टणक. जिभेने चाचपलं तर दाढेचा टवका.

"लागलं का?" जावयाने वाकून विचारलं. खरंच काळजी असल्यासारखं.

थोरलीने टवका थुंकला तो नेमका त्याच्या चपलेवर. मग हातोडी उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर मारली. पूर्ण ताकदीने नाही, पण तिलाही वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. जावई भिंतीला टेकून खाली बसला. समोरच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने उरलेले कपडे तसेच बादलीत टाकले आणि ती आत गेली.

"चार," थोरली म्हणाली आणि स्टूल सरळ केलं.

पायरी तीन (राहिलेली). पट्टी दगडावर ठेवून ठोकली. सरळ झाली.

पायरी पाच. तुटलेला शू बदलावा.

शू म्हणजे रुळात सरकणारा बोटाच्या पेराएवढा नायलॉनचा तुकडा. तो शुक्रवारीच दोन ठिकाणी फुटला होता. त्या गाडीचा शू रविवारी कुठे मिळायचा! पण लिफ्टच्या दाराखालीही असेच शू असतात, आणि थोरलीच्या पेटीत त्यांची पिशवीच होती. एक काढला, मापाला लावला, कानशीने घासायला घेतला. नायलॉनचा पांढरा भुसा मांडीवर पडत होता, हनुवटीवरून रक्त त्यात ठिबकत होतं. धाकटी आतून ओला टॉवेल घेऊन आली. येताना नवऱ्याजवळ थांबली.

"दुखतंय?"

"या घरात कोण आलंय बघ," तो म्हणाला. "गुंड आणलायस तू घरात. बर्फ आण."

धाकटीची मान हलली. पायही वळले, स्वयंपाकघराकडे. थोरलीची कानस थांबली. धाकटी तीन पावलं गेली, चौथ्याला उभी राहिली, तिथून परत आली आणि थोरलीच्या हनुवटीवर टॉवेल दाबला.

"लवकर कर, ताई," ती पुटपुटली. "मी बर्फ आणायला निघाले होते."

शू बसला. ग्रीस भरलं. काच हाताने ढकलली तर लोण्यासारखी सरकली. दोघी गाडीत बसल्या, दारं आतून लॉक केली. धाकटी स्टिअरिंगवर, थोरली बाजूला. गाडी बटणाने सुरू होणारी, चावी नुसती आत असली की झालं; ती मधल्या खोबणीत, पेटी बाहेर जमिनीवर. पेटी उचलायची राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पायरी सहा. काच पूर्ण मिटून दहा आकडे मोजून होईपर्यंत बटण दाबून धरावे. मध्ये सोडू नये, सोडल्यास पुन्हा पहिल्यापासून. या वेळी अडथळा आल्यास काच मागे फिरत नाही.

शेवटचं वाक्य थोरलीने फोनवर दोनदा वाचलं. तिची अख्खी नोकरी याच्या उलट होती. मध्ये माणसाचा हात आला, पदर आला, कुत्र्याचं शेपूट आलं, तरी दार मागे फिरलंच पाहिजे. न फिरणाऱ्या दारावर ती लाल पट्टी चिकटवायची.

"सुरू कर."

इंजिन लागलं. थोरलीने आरशाशेजारचं बटण अंगठ्याने दाबलं.

एक. काच पूर्ण मागे गेली.

दोन. थांबली. मोटर काहीतरी मोजत असावी.

तीन. पुढे निघाली.

चार. बॉनेटवर धप्पकन वजन पडलं. जावई, लंगडत का होईना, चढलाच. त्याचं पोट समोरच्या काचेला चिकटलं. वरून हात आत आला, शुक्रवारचाच हात, पण आज केसांकडे गेला नाही. खोबणीतली चावी उचलली.

"आता जा," तो वरून म्हणाला. "जा ना. कशी जातेस बघू."

पाच. थोरलीला काच येताना दिसत होती. तिला ओरडता आलं असतं. अंगठा उचलता आला असता. बावीस वर्षं अंगठा आपोआप उचलला गेला होता.

सहा. नाही उचलला.

काचेने मनगट पुढच्या कडेवर धरलं. आधी तो हसला, मग हिसका दिला, मग त्याने आईला हाक मारली. मोटरचा आवाज घोगरा झाला. हाडाचा आवाज आला तो ओली काटकी मोडल्यासारखा, अगदीच किरकोळ. चावी धरलेली मूठ दोघींच्या डोक्यांमध्ये लोंबत होती.

"सांग तिला!" वरून. "ए, सांग तुझ्या बहिणीला! सोडायला सांग!"

"सोडू?" थोरलीने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. खरं तर तिला सोडायचं नव्हतं. तिला तो हात तुटून मांडीवर पडलेला हवा होता.

"थांब."

धाकटीने मुठीचं करंगळीकडचं बोट उघडलं. मग त्याच्या शेजारचं. आखडलेले हात उघडणं हे तिचं रोजचंच काम. घाई केली नाही. मधलं बोट हट्टी होतं, त्याच्या सांध्यावर तिने अंगठा रोवला आणि ते वर ओरडणाऱ्याची पर्वा न करता मागे दाबलं. चावी पडली. तिने ती ब्लाउजमध्ये टाकली.

"आता सोड."

थोरलीने सोडलं आणि उघडायचं बटण दाबलं. हात वर गेला, माणूस बॉनेटवरून खाली.

"पुन्हा पहिल्यापासून," थोरली म्हणाली. आणि बटण धरलं.

एक. दोन. तीन. बाहेर पेटीची खडखड.

चार. पाच. जावई उठला. उजवा हात छातीशी, डाव्या हातात तिची हातोडी. बॉनेटवर गुडघा टेकला, किंचाळला, तरी चढला.

सहा. सात. काच येतेय.

आठ. काच कडेला टेकली, रबर दबलं, बाहेरचा आवाज एकदम दूर गेला. इतकी नीट बसली होती. हाताने घासलेल्या लिफ्टच्या शूवर! अशाही वेळी थोरलीला त्याचं बरं वाटलं.

नऊ. हातोडी.

काच फुटली नाही, ओतली गेली. हरभऱ्याएवढे खडे डोक्यांवर, कुशीत, शर्टाच्या कॉलरमधून पाठीत. वरच्या चौकोनात जावयाचं तोंड, डोळे मोठे, हातोडी अजून उगारलेली. जिंकल्यासारखा दिसत होता.

"झालं? झालं समाधान?" तो धापा टाकत ओरडला. "आता न्या गाडी! न्या की!"

धाकटीने मान वर केली. चौकटीत एकही तुकडा शिल्लक नव्हता.

"ताई," ती म्हणाली, "उडून जायला आता राहिलंय काय?"

आणि गाडी मागे घेतली.

जावई बॉनेटवरून फाटकाजवळ पडला. त्याच्यावरून चाक गेलं नाही; धाकटीने स्टिअरिंग तेवढं वळवलं. पेटीवरून मात्र गेलं.

"माझी पेटी," थोरली म्हणाली.

"नवी घेऊ."

"बावीस वर्षांची आहे गं ती."

"मग काय, परत जायचं?"

"नको, नको."

गल्ली संपली, चौक गेला. वारा डोक्यावरून सरळ आत पडत होता आणि काचेचे खडे सीटवर खुळखुळत होते. धाकटीने शेजारी पाहिलं. थोरलीचा हात अजून वरच होता, अंगठा बटणावर, नख पांढरं पडलेलं.

"सोड की आता ते."

"दहा झाले नाहीत अजून," थोरली म्हणाली.