चांगुणाला हातचा जमला

मित्रांनो, मी एक जुनी मण्यांची चौकट आहे. भूम गावच्या सुताराने मला बाभळीच्या लाकडात घडवले. रामलिंग गुरुजींनी मला एसटीच्या टपावर टाकून खेड्यातल्या शाळेत आणले. वाटेत काही मणी निखळले, तर त्यांनी चक्क चिंचोके ओवले. मी दिसायला अशी ठिगळाची, पण पहिलीच्या वर्गात माझ्यावाचून पान हलत नसे.

गुरुजींचा नियम सोपा होता. एक तार भरली की ती रिकामी करायची आणि शेजारच्या तारेवर एक मणी सरकवायचा. तोच हातचा. आधी काय, मग काय, हे मुलांनी मोठ्याने सांगायचे.

कोंडीरामांची चांगुणा नेमकी तिथेच अडायची. तार रिकामी करायची आणि हातचा विसरायची. ते दुष्काळाचे दिवस होते. दुपारी सुकडी मिळाली की बाकीची पोरे खेळायला पळत, चांगुणा मात्र खात खात माझ्यापुढे बसायची. तिच्या चिकट बोटांचा मला राग यायचा, पण ती दिसली नाही तर करमायचेही नाही. गुरुजी जेवायला घरी न जाता तिच्यासाठी थांबायचे.

एके दुपारी ती ओरडली, "गुरुजी, आला! हातचा आला!" आणि तिने मला छातीशी धरले. इतकी खूश मी कधीच नव्हते. गुरुजींनी गावभर तिचे कौतुक सांगितले.

दिवाळीनंतर कोंडीराम बिऱ्हाड घेऊन साखर कारखान्याकडे ऊसतोडीला निघाले. जाताना शाळेत आले.

"गुरुजी, तुमचे लई उपकार. मुकादम मोळ्या कमी धरतो, आमाला कळत न्हाय. औंदा चांगुणाच मोजल."

"अवो, आत्ता कुठं सुरुवात हाय तिची. ऱ्हाऊ द्या पोरीला."

"मोजाय आलं की. आता आणिक काय शिकायचंय?"

चांगुणा दारातून माझ्याकडे बघत होती. बापाने हाक मारली तशी गेली. ती पुन्हा शाळेत आली नाही. मी जे तिला दिले, त्यानेच तिला माझ्यापासून नेले. हे दुःख मला अजून सोसत नाही.

आज मी कपाटामागे पडले आहे, तारा गंजल्या आहेत. मला पुसले नाही तरी चालेल. पण मित्रांनो, लेकराला थोडे आले म्हणून त्याची शाळा सोडवू नका.

गुरुजींनी पुढेही पुष्कळ मुलांना हातचा शिकवला. कुणाला जमला की ते आधी वर्गाचे दार लोटून घेत. मग बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात शाबासकी देत.