ताणलेलं कार्ड

तो एवढासा पांढरा दिवा, ग्राफिक्स कार्डाच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढा… लुकलुकला आणि लागलेलाच राहिला. कार्डाचे पंखे मात्र पिसाळल्यासारखे घोंगावत सुटले, नितेशच्या समोरचा स्क्रीन काळा झाला, आणि हेडफोनमध्ये आचलचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. "दादा, ऐक ना, मले तुले एक सांगाचं हाये, पण तू आईले—"

आईले काय? सांग? सांगू नको?

पण नितेशच्या डोक्यात आधी आलं ते हे नव्हतं. आधी आली कार्डाची मेमरी. मेमरीचाच वेग जास्त झाला असणार.

कार्ड त्यानं जानेवारीत ताणलं होतं. अकोल्याच्या थंडीत, खिडकी उघडी टाकून, कंपनीनं दिलेल्या वेगाच्या वर चढवत चढवत… आणि तेव्हा ते टिकलंही होतं. ग्रुपवर आकडा टाकला, पोरांनी 'भाऊ, राडा' म्हटलं. मिळालं काय? सेकंदाला सहा फ्रेम जास्त. माणसाच्या डोळ्याला कळतही नाहीत. आता मे आला, जुन्या शहरातल्या या पत्र्याखाली दुपारी माणूस टिकत नाही, तिथं कार्ड काय टिकणार? शहाण्यानं वेग खाली आणला असता. यानं आईच्या खोलीतला कूलर ओढून आणला आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या तोंडाशी लावला.

"काबे, त्या डब्याले ताप आला काय?" पलीकडून केशरबाई ओल्या फडक्यानं मान पुसत ओरडल्या. "माय भाजून राहिली इकडं!"

"दहा मिनिटं, आई."

दहा मिनिटं. आचलला तरी कुठं जास्त मिळतात? अमरावतीत रविवारी तिच्या सासरचे जेवून आडवे झाले की ती इंजिनिअरिंगच्या वेळचा लॅपटॉप उघडते, 'ऑफिसचा कॉल आहे' म्हणून हेडफोन लावते आणि भावासोबत खेळायला येते. फोनवर ती बोलत नाही. त्या घरात सुनेला माहेरचा फोन आला की तो स्पीकरवर ठेवायचा, ही रीत. आईनंही ती कौतुकानं सांगितली होती, 'मनमोकळी माणसं हायेत' म्हणून. मनमोकळी! म्हणून मग खेळात, बंदूक भरता भरता, मध्येच एखादं वाक्य… "आज मीठ जास्त झालं तं ताटच उचललं माह्यं." हे हसत. आणि आपण काय म्हणालो? "डावीकडं पाह्य, डावीकडं!"

त्यानं मशीन पुन्हा सुरू केलं. मेमरीचा वेग जेमतेम पंचवीस मेगाहर्ट्झनं उतरवला… वाण्यानं तराजूतून एक शेंगदाणा काढावा तसा. जास्त काढायला जीव होईना.

खेळात बर्फ पडत होता. पडक्या गावातल्या भिंतीआड ती थांबली होती, एकटी, त्याच्याशिवाय पुढं न जाता.

"आला काय?"

"आलो. कार्ड गंडलं होतं. तू काय म्हणून राहिली होती?"

तिची खेळातली बाई बर्फातून चालत गावाबाहेरच्या एका रिकाम्या घरात गेली, जिथं कुणी गोळी घालायला येत नाही. तो मागोमाग गेला. "दादा," ती अगदी हळू म्हणाली, "परवा यायनं—"

काळं.

या खेपेला त्यानं मशीन लगेच पुन्हा सुरू केलं. आणि त्याला सापडलं ते बटण, सगळा वेग मूळ आकड्यावर नेणारं. ते जानेवारीपासून तिथंच होतं, एका बोटाच्या अंतरावर. दाबलं. झालं. एवढंच होतं ते.

खेळात परत गेला तेव्हा ती पुलापाशी उभी होती.

"आचल. यायनं काय?"

"काई नाई रे."

"सांग ना बाप्पा."

"तुह्यं कार्ड झालं ना नीट? मंग खेळ."

ती पुढं चालायला लागली. खेळ लोण्यासारखा चालला होता, एक झटका नाही, आणि त्या गुळगुळीतपणात त्याला लपायला जागा उरली नाही… कारण दुसऱ्यांदा स्क्रीन काळा झाला तेव्हा रागाच्याही आधी छातीतून काहीतरी गार सरकलं होतं. सुटलो. हो, सुटलो असंच. 'यायनं', म्हणजे तिच्या नवऱ्यानं; एवढ्या एका शब्दात त्याला सगळं कळलं होतं. वाक्य पुरं झालं असतं तर उठावं लागलं असतं, अमरावतीला जावं लागलं असतं, त्या मनमोकळ्या माणसांच्या दारात उभं राहून तोंड उघडावं लागलं असतं. आणि मी, कशातच धड नसलेला, मी काय म्हणणार होतो तिथं? आईला काय सांगणार होतो? मेमरी, मेमरी… की बिघाड बरा वाटत होता म्हणूनच वेग नुसता पंचवीसनं उतरवला होता?

"दादा, हाये ना मागं?"

"हाये," तो म्हणाला.

तो होताच. चार पावलं अंतर ठेवून, तिच्या पाठीकडं बघत, ती वळून पाहील या भीतीनं.