आत्या आत येणार

“आत्या बाहेर थांबेल,” मोठे डॉक्टर म्हणाले. “नियम म्हणजे नियम, सिस्टर.”

“आणि ही परत पळाली तर?” नर्सने विचारलं.

खाटेवरच्या पोरीने आत्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. मागच्या खेपेला हिला एकटीला आत घेतलं, वर “ओरडू नकोस” म्हणून दरडावलं. ही बया ऐन कळांत मागच्या दाराने घरी पळाली. मूल हाती लागलं नाही. दवाखान्यात सगळे म्हणाले, अडाणी लोक, यांना कोण समजावणार!

ते ऐकून नर्सच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तीही त्याच वस्तीतली, शिकून नर्स झालेली पहिलीच. मग मिळेल त्या सुट्टीत ती घरोघर फिरली. घरीच बाळंत झालेल्या प्रत्येकीला विचारलं, बाई गं, का नाही आलीस? वस्तीने तिचं नावच चौकशीबाई पाडलं. “आली बघा, आता भांड्यात काय शिजतंय तेही विचारेल,” म्हणून बाया हसायच्या, पण सांगायच्या. बहुतेकींचं म्हणणं एकच. भीती दवाखान्याची नाही, तिथे एकटं पडण्याची आहे. कानाशी आपल्या बोलीत बोलणारं आपलं माणूस हवं. तिने सगळं नीट मांडून अहवाल वर पाठवला. वरून शाबासकी आली, टाळ्याही झाल्या. दार मात्र होतं तसंच बंद राहिलं.

“तुमचा अभ्यास उत्तमच आहे हो,” डॉक्टर म्हणाले. “मंजुरी येऊ दे, मग बघू.”

“मंजुरीला वेळ आहे, साहेब. हिला नाहीये.”

“बदली होईल तुमची. कुठेतरी आडरानात.”

“होऊ दे की! बाया तिथेही बाळंत होतातच.”

डॉक्टर तणतणत फोनकडे गेले. नर्सने आत्याचे हात कोपरापर्यंत साबणाने धुवून घेतले, तिला स्वच्छ गाऊन चढवला, दोघींना आत नेलं आणि कडी लावली. बाळाचे ठोके ठीक होते. आत्या पोरीच्या कानाशी वाकून बोलायला लागली, तशी पोर जरा निवली.

दारावर थापा पडल्या. “सिस्टर! दार उघडा आधी!”

आत्या बोलता बोलता थांबली. पोरीची नजर दाराकडे गेली.

“कोण आहे गं?” आत्याने घाबरून विचारलं.

“कुणी नाही, आत्या,” नर्स म्हणाली. “तू बोल तिच्याशी.”