वेवजीच्या धर्मशाळेला हात लावू नये

"शिडी काढा, बुधीआत्या! गुन्हा लागेल."

"लागू दे! कौलं बसवली म्हणून गुन्हा, आणि छप्पर पडू दिलं की बक्षीस का रे?"

राखणदाराचं आणि बुधीचं भांडण माझ्यावरून चाललंय. मी वेवजी गावची धर्मशाळा. मला कोणी विचारत नाही, म्हणून मीच बोलते.

गवताच्या बैलगाड्या या वाटेनं जायच्या, तेव्हा मला बांधलं. काळ्या दगडाचं जोतं, सागाचे खांब, डोक्यावर नळीची कौलं. गाडीवान माझ्या ओट्यावर पाठ टेकायचे आणि बोटाचा चुना माझ्याच खांबाला पुसायचे. आसरा दिला की माणूस आधी भिंत घाण करतो! बुधीची आई गवताचा भारा घेऊन निघाली होती, ती माझ्या ओट्यावरच अडली. बुधी इथं जन्मली.

नळीची कौलं दरसाल पावसाआधी चाळावी लागतात. फुटकी काढायची, सरकलेली बसवायची. पाड्यातली माणसं ते आपणहून करायची. पुढे बुधी आणि तिचा नवरा शुक्रा करायचे. तो गेल्यावर बुधी आणि तिचा मुलगा पांड्या.

मग २०१५ साली सरकारची निळी पाटी आली. मी 'संरक्षित' झाले. खोटं कशाला बोलू, फुगले मी! पाटीवर लिहिलं होतं, हात लावणाऱ्याला शिक्षा. तेव्हापासून पाटीला दोनदा रंग मिळाला. माझ्या कौलांना हात लागला नाही. पाणी आढ्यातून खांबांत उतरलं, मागोमाग वाळवी. त्यात गेल्या हिवाळ्यापासून जमीनच हादरतेय. दर हादऱ्याला चार कौलं खाली येतात. हा पावसाळा मी काढत नाही, हे बुधीला कळतं. मलाही कळतं.

"वरून परवानगी आली की मीच चढेन, आत्या." राखणदार नविन म्हणाला. तो याच पाड्यातला.

"कधी येते?"

"अर्ज गेलाय."

"चालत गेलाय का? तलासरीला बस मिळाली नसेल त्याला!"

नविन हसला नाही. "माझी नोकरी जाईल, आत्या. घरात दोन लेकरं आहेत."

बुधीनं वर पाहिलं. पांड्या अर्ध्या शिडीवर, हातात कौल. बसव रे, एवढं एक तरी बसव, असं मी जीव तोडून म्हणत होते. माझ्यापासून कोणाला वाचवताय? मला कोणापासून वाचवताय?

बुधीनं माझ्या खांबावर तळवा ठेवला. भुसा झाला होता आतून. तिनं हात पदराला पुसला.

"उतर, पांड्या," ती म्हणाली, "मढ्याला खांदा द्यायला कोणाची परवानगी लागत नाही, तेव्हाच येऊ."