हत्तीच्या गोष्टीतला कुकर

कौशिकला त्या दिवसांत बसल्या बसल्या झोप लागायची. मेट्रोत लागायची. विम्याच्या ऑफिसात फाइल समोर उघडी ठेवून लागायची. एकदा तर भाजीच्या गाडीपाशी उभ्या उभ्याच डोळा मिटला आणि भैयानं दोडक्याऐवजी घोसाळी भरून दिली. घरी येऊन यानं तीच केली, चव कळलीसुद्धा नाही.

बायको निशिगंधा बँकेत. तिची जोधपूरला बदली झाली तेव्हापासून मानसरोवर कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दोघंच, कौशिक आणि दुसरीतली तनया. निशिगंधा शनिवारी यायची, रविवारी परत. शाळेची व्हॅन तनयाला दुपारी सोडायची, मग ती खालच्या गुप्ता आंटींकडे. कौशिक आला की वर. मग डबा धुणं, कणिक, कुकर, उद्याचा युनिफॉर्म. माणूस किती पुरणार?

त्यात शाळेनं बोलावलं. वर्गाच्या शेखावत मॅम सरळ बोलणाऱ्या बाई. म्हणाल्या, तनया बोलते खूप, वाचत नाही. शब्द दिसला की अंदाजानं ठोकून देते. "घर पे रोज़ पढ़वाइए. किसी भी भाषा की किताब हो. नया शब्द आए तो बातों में लाइए, उससे पूछिए." आणि एक महिना शाळा सुटल्यावर तिला वाचनाच्या जादा वर्गाला बसवा.

कौशिकनं मनातल्या मनात हिशोब केला. व्हॅन तोवर थांबत नाही. म्हणजे रोज अर्ध्या दिवसानं ऑफिसातून निघायचं, तिला घरी सोडायचं, परत जायचं. साहेब आधीच त्याच्या जांभया मोजत असल्यासारखा बघायचा.

"मॅम, एक्स्ट्रा क्लास के बिना नहीं होगा?"

मॅमनी त्याच्याकडे बघितलं. शर्टाच्या कॉलरवर कणिक होती बहुतेक. "चलिए, घर पर पढ़ते हुए एक वीडियो भेज दीजिए. फिर देखते हैं."

घरात तनयाच्या आवडीचं एकच पुस्तक होतं. सुहासिनीआत्यानं सांगलीहून कुरियरनं पाठवलेलं. एका हत्तीची चप्पल हरवते, चारातली एक, आणि तो ती शोधत जंगलभर फिरतो. मराठी असलं तरी अक्षरं शाळेतल्या हिंदीचीच, त्यामुळे चालण्यासारखं होतं. कौशिक ते रोज वाचून दाखवायचा. वाचून म्हणजे, स्वयंपाकघरात. पुस्तक ओट्यावर पोळपाटाच्या शेजारी, एक डोळा पुस्तकात, एक तव्यावर. तनया स्टुलावर बसून पानं उलटायची. वाक्य तुटायचं, परत जोडायचं. शेवटाला येईपर्यंत याचा जीव दमलेला असायचा, मग हा म्हणायचा, "आणि मग चप्पल सापडली आणि हत्ती झोपला. चल, ताट घे."

व्हिडिओही तिथेच काढला. मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून ठेवला, बटण दाबलं आणि वळून फोडणी केली. मागे तनया खणखणीत आवाजात वाचत होती. एकदासुद्धा अडली नाही. कौशिकला मिरच्यांच्या ठसक्यात नीट ऐकू आलं नाही, पण सूर लागलेला कळत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला वाटलं, जमलं बुवा काहीतरी.

सकाळी मॅमना पाठवला, निशिगंधालाही पाठवला.

मॅमचा लगेच फोन. "कौशिक जी, बहुत बढ़िया. मराठी तो मुझे आती नहीं, पर क्या फ़्लो है बच्ची का. एक्स्ट्रा क्लास रहने दीजिए." कौशिक मेट्रोत होता. त्या दिवशी त्याला झोप आली नाही.

दुपारी निशिगंधाचा फोन आला. ती आधी हसली, मग थांबली.

"कौशिक, हत्तीच्या गोष्टीत कुकर कुठून आला रे?"

"कसला कुकर?"

"ती वाचते बघ. 'हत्ती नदीपाशी आला आणि म्हणाला, थांब हं, कुकर, तिसरी शिट्टी झाली का.' अगदी तुझ्या आवाजात. आणि पान नंतर उलटते."

कौशिकनं जिन्यात जाऊन व्हिडिओ लावला. खरंच होतं. 'आई गं, भाजलं' पण होतं. मधली एक जांभईसुद्धा होती, जागच्या जागी, आणि तनयानं ती मोठ्या इमानदारीनं दिली होती.

त्याला हसू आलं, मग त्यानं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

संध्याकाळी त्यानं पुस्तक मधूनच उघडलं. एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

तनयानं शब्दाकडे बघितलंच नाही, चित्राकडे बघितलं. "हत्ती."

शब्द 'पाऊल' होता.

"पुढचा?"

"असं नाही बाबा. मला पहिल्यापासून म्हणू दे, मग येतं."

"अगं पण हे वाचणं नाही ना."

"मतलब? तू वाचतोस तसंच तर वाचते मी."

कौशिक ओट्याला टेकून उभा राहिला. एक मन म्हणत होतं, जाऊ दे. या अख्ख्या शाळेत मराठी कळणारं कोणी नाही. मॅम खूश, साहेब खूश, मुलगी खूश. पुढच्या वर्षी बघू. आणि दुसरं मन काही म्हणत नव्हतं, फक्त पुस्तक तिथं पडलेलं दिसत होतं आणि पोरगी शब्द सोडून हत्तीकडे बघत होती. पुढच्या वर्षीच्या पुस्तकात हत्ती नसणार.

त्यानं फोन लावला. "मॅम, वो वीडियो... तनया पढ़ नहीं रही थी. उसे रटा हुआ है. मेरी नकल कर रही थी. और मैं भी ठीक से नहीं पढ़ता."

मग मॅम म्हणाल्या, "पैरेंट्स तो उल्टी शिकायत लेकर आते हैं, कि हमारा बच्चा तो सब पढ़ लेता है." आवाज मऊ झाला होता, पण निर्णय नाही. "सोमवार से भेजिए फिर."

म्हणजे सोमवारपासून रोजची धावाधाव. साहेबाला काय सांगायचं ते त्यानं ठरवलंही नव्हतं. त्यानं गॅस बंद केला, कुकर अर्धवटच उतरवून ठेवला आणि फरशीवर बसला. तनया चकित झाली. स्वयंपाकाच्या वेळेला बाबा खाली बसलेला तिनं बघितला नव्हता.

"शेवटची पानं वाचू," तो म्हणाला. "मीही नीट वाचलेली नाहीत. तू वाच. हळू."

तनयानं पान उलटलं. "हे आपल्या पुस्तकात आहे?"

"आहे की. मीच उडवायचो."

ती बोट ठेवून निघाली. एकेक अक्षर, दगड उचलल्यासारखं. "हत्ती... लं... लंगडत... ड... ब... डबकं. डबकं मतलब?"

"जगतपुऱ्याला आपली स्कूटर अडकली होती बघ, रस्त्यात पाणी साचलेलं. मी बूट घालून उतरलो. ते डबकं."

"तू लई ओरडला होतास."

"हो. पुढं."

पुढं डबक्यात चप्पल तरंगत होती. चपलेत बेडकी होती, तिची पिल्लं झोपलेली. हत्तीनं सोंड पुढे केली आणि मागे घेतली. मग तो तीनच चपला घालून घरी गेला. एवढं वाचायला इतका वेळ लागला की खालून गुप्ता आंटींच्या टीव्हीची मालिका संपल्याचं ऐकू आलं.

तनया पुस्तकाकडे बघत राहिली. "पण तू तर म्हणायचास, चप्पल सापडली आणि हत्ती झोपला."

"मला झोप आलेली असायची."

"हत्तीला नाही?"

"नाही. हत्तीला नाही."

तिनं यावर विचार केला. "मी सगळ्यांना चुकीचं सांगितलं. आईला पण."

"मी चुकीचं वाचलं. तू बरोबर ऐकलंस."

जेवायला काही नव्हतं. सकाळच्या पोळ्या होत्या, दूध होतं. दोघांनी तिथंच फरशीवर बसून कुस्करून खाल्लं. वाटी बाजूला ठेवून तनयानं पुस्तक परत पहिल्या पानावर आणलं आणि या वेळी चित्रावर हात ठेवून ते झाकलं.

"ए... का... जं..."

कौशिकची मान फ्रिजला टेकली. तिसऱ्या शब्दाला डोळे मिटले. तिनं त्याला कोपरानं ढोसलं.

"बाबा, झोपू नको. इथं अवघड आहे."