खलाशांच्या मुलांचे टेबल

मी एक जुने जेवणाचे टेबल आहे, मित्रांनो. पण माझे लाकूड जंगलातून थेट सुताराकडे आले नाही. ते आधी वीस-बावीस वर्षे समुद्रावर फिरले. एका मालवाहू जहाजाच्या कोठारावर झाकण म्हणून ज्या सागवानी फळ्या टाकत, त्याच मी. जहाज म्हातारे झाले तेव्हा मुंबईच्या दारूखान्यात, म्हणजे जुनी जहाजे तोडतात त्या बंदरात, ते मोडले. लोखंड भट्टीत गेले आणि फळ्या उघड्यावर पडून राहिल्या. तिथून मला उचलून आणले हरिचंद्र सारंगांनी.

सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. हरिचंद्र हे बदलापूरजवळच्या सोनिवलीचे, भातशेती करणाऱ्या घरातले. अठराव्या वर्षी जहाजावर चढले आणि चाळिशीत कायमचे उतरले. त्याला कारण घडले. भर समुद्रात त्यांच्या जहाजाच्या इंजिनघरात आग लागली आणि त्यांच्या टोळीतले चार खलाशी आतच राहिले. किनाऱ्याला लागल्यावर हरिचंद्र एकेकाच्या गावी निरोप घेऊन गेले. चौथ्या घरी त्यांना दोन पोरी भेटल्या. आई आधीच वारलेली. शेजारी पाळीपाळीने त्यांना जेवायला घालत होते. निरोप देऊन परतायचे असे ठरवून गेलेले हरिचंद्र त्या दोघींना घेऊनच घरी आले.

त्यांची बायको सगुणाबाई दारात उभी होती. तिने पोरींकडे पाहिले.

"किती दिवसांसाठी?"

"ठाव नाय."

"मग चूल मोठी करावी लागंल," एवढेच ती म्हणाली आणि पोरींचे पाय धुवायला पाणी घेऊन आली.

असे ते 'खलाशी बालसदन' सुरू झाले. दोन वर्षांत तिथे अकरा मुले झाली. हरिचंद्रांनी स्वतःच्या शेताचा तुकडा दिला, संस्थेची नोंदणी केली आणि फळ्या टेम्पोत घालून अंबरनाथच्या किसन सुताराकडे नेल्या. किसनला हे पटेना. "सारंग, पोरांना खाली पाटावर बसवा की. टेबलाचं काय खूळ?"

"जहाजावर आम्ही सगळे एका टेबलावर जेवायचो," हरिचंद्र म्हणाले. "बापानं कसं खाल्लं ते पोरांना कळू दे."

किसनने नऊ दिवस रंधा चालवला. दहाव्या दिवशी मी चौदा फुटांचे टेबल होऊन सोनिवलीला आले.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे कशी गेली ते सांगायला लागले तर तुमची शाळा सुटेल. सकाळी माझ्यावर पेज वाढत, दुपारी भात आणि सुकटीचे कालवण. ताटे उचलली की वह्या येत. माझ्या डाव्या कडेला कर्कटकाने कोरलेली तीन नावे आहेत, आणि मध्यभागी गरम पातेल्याचा काळा गोल डाग आहे. माझ्यावर मुलांचे केस कापले गेले, गणवेशांना ठिगळे लागली. दहावीचा निकाल लागला की सगुणाबाई माझ्यावरच पेढ्यांचा खोका उघडत. बोटींच्या कंपन्यांचे साहेब यायचे आणि माझ्यावरून हात फिरवून म्हणायचे, "असं सागवान आता कुठे मिळतं!" मी मनातल्या मनात फुगत असे.

नवसी आली ती हरिचंद्र गेल्याच्या पुढच्या वर्षी. बारवी धरणाच्या बाजूला डोंगरात तिचा पाडा. विशीतली, किडकिडीत, बोलायला लाजणारी. स्वयंपाकात मदतीला म्हणून आली. तिला अक्षरओळख नव्हती. ते सगुणाबाईंना खपले नाही. दुपारी त्या माझ्यावर तांदळाचे पीठ पसरत आणि त्यात नवसीला अक्षरे गिरवायला लावत.

"माझ्यानं नाय व्हायचं, आजी," नवसी म्हणायची.

"भाकरी गोल येते ना तुला? मग ठ पन येल."

दोन वर्षांनी नवसी धड्यातली वाक्ये बोट ठेवून वाचू लागली. सावकाश वाचायची, पण एक शब्द गाळायची नाही.

पुढे सगुणाबाईही गेल्या. संस्था त्यांच्या नातवाकडे, दिपेशकडे आली. दिपेशचा रेती-सिमेंटचा धंदा होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वेळ नव्हता. आणि मुलेही कमी होत चालली. बोटींवर आता सुरक्षा वाढली होती, अपघात कमी झाले होते. ही तर आनंदाचीच गोष्ट, नाही का? पण माझ्याभोवतीची गर्दी तीसवरून बारावर आली, बारावरून चारवर. माझ्या एका टोकाला चार ताटे मांडत. उरलेल्या अंगावर फायली, बंद पडलेले पंखे आणि रंगाचे डबे चढले. एका पायाला वाळवी लागली. कोणाला कळलेही नाही. सोनिवलीत चहूबाजूंनी इमारती उठत होत्या. त्यांची धूळ खिडकीतून येऊन माझ्यावर बसे. नवसी तेवढे ते टोक रोज पुसायची.

पाच वर्षांपूर्वी, दिवाळी संपत आली होती तेव्हा, बनूबाई नावाची एक म्हातारी दोन मुलांना घेऊन दारात आली. नवसीच्याच पाड्यावरची, मुलांची शेजारीण. चेतन दहा वर्षांचा आणि निशा सहाची. त्यांचा बाप देऊ गुजरातच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशी होता. आपल्याकडच्या डोंगरातले कितीतरी तरुण असे जातात. देऊ भाद्रपदात समुद्रात पडला, तो सापडलाच नाही. मुलांची आई तापाने आधीच गेली होती.

"यांचा चुलता दिवाळी झाली का वीटभट्टीवर जातो," बनूबाई म्हणाली. "रविवारी यांनाबी नेनार म्हनतो. पोरगा विटा थापील, पोरगी दुसऱ्याची पोरं सांभाळील. मी आज हाय, उद्या नाय. नवसे, तू बघ."

नवसीने दोघांना माझ्यासमोर बसवले आणि भात वाढला. मग दिपेशला फोन केला.

दिपेश संध्याकाळी आला. त्याने मुलांकडे पाहिले आणि कपाळावरचा घाम पुसला. "नवसीताई, मला वाईट नाही का वाटत? पण पुढच्या महिन्यात मीटिंग आहे. सदन बंद करायचं ठरतंय. चारच मुलं उरलीत, त्यांची दुसरीकडे सोय होतेय. त्यात ही दोन कुठे घेऊ? आणि आपलं सदन खलाशांच्या मुलांसाठी आहे."

"मग ही कोनाची हायेत?"

"ताई, खलाशी म्हणजे जहाजावरचा. ज्याच्याकडे जहाजाच्या नोकरीचं सरकारी पुस्तक असतं तो. ट्रॉलरवरचा मजूर वेगळा."

नवसीने पदर खोचला. ती माझ्यावरच्या फायलींच्या ढिगाकडे गेली. एकेक उचलून बाजूला ठेवत गेली. तळातून तिने संस्थेचा मूळ कागद काढला, माझ्यावर पसरला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागली.

"'द-र्यावर काम करताना मरण पावलेल्या किंवा बे-पत्ता झालेल्या खलाशांची नि-राधार अपत्ये.'" ती थांबली. "दादा, जहाज केवढं पाहिजे ते यात कुठं लिवलंय?"

दिपेशने कागद स्वतःकडे ओढून दोनदा वाचला. लिहिलेले नव्हते.

"बरं, मानलं," तो म्हणाला. "पण बालकल्याण समितीपुढे तोंडी चालत नाही. तो दर्यावर होता, तिथेच गेला, याचा एक तरी कागद पाहिजे. तो कुठून आणणार?"

"तिथूनच," नवसी म्हणाली. "चुलता रविवारी येनार हाय. तोवर पोरं हितंच राहतील. तेवढं नाय म्हनू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवीत दोन लुगडी, एक वही आणि भाकरीचा तवा भरला आणि बनूबाईने सांगितलेल्या गुजरातच्या बंदराकडे ती निघाली. मुंबईच्या पलीकडे ती उभ्या आयुष्यात गेली नव्हती.

इकडे स्वयंपाकाची पंचाईत झाली. पहिल्या दिवशी दिपेशने डबे मागवले. दुसऱ्या दिवशी तो स्वतः खिचडी करायला उभा राहिला आणि ती खाली लागली. तरी मुलांनी मुकाट्याने खाल्ली. त्यालाही त्यांच्यासोबतच बसावे लागले. लहानपणानंतर तो पहिल्यांदाच माझ्यापाशी जेवत होता.

"तुझे बाबा तिकडे काय काम करायचे?" त्याने चेतनला विचारले.

चेतनने हातातला घास ताटात ठेवला. मग हळूहळू बोलू लागला. जाळे ओढणे, बर्फ फोडणे, मासळी निवडणे. वीस-वीस दिवस जमीन दिसायची नाही. वादळात लाट आली की बाप स्वतःला दोरीने खांबाला बांधून घ्यायचा. "कशी बांधायचे?" दिपेशने विचारले. चेतनने खिडकीतली कपडे वाळवायची दोरी आणली आणि माझ्या पायाला एका हाताने गाठ मारली. "ही वढली तरी सुटत नाय. पन आपन सोडली का लगेच सुटते."

दिपेशने वाकून ती गाठ चाचपली. मग त्याने एका हाताने तशीच गाठ शेजारी मारली. "माझ्या आजोबांनी शिकवली होती," तो म्हणाला. वाकलेलाच होता, म्हणून त्याला माझ्या पायाची वाळवी दिसली. तो बाहेर गेला आणि औषध घेऊन आला.

शनिवार गेला. नवसीचा फोन लागत नव्हता. रविवारी दहाच्या सुमाराला चुलता आला.

"चला रं, सामान घ्या," तो दारातूनच म्हणाला. निशा माझ्याखाली शिरली आणि माझा पाय धरून बसली. तिची बोटे किती घट्ट होती ते मला अजून आठवते.

दिपेश पुढे झाला. "थांबा जरा. नवसीताई येऊ दे."

"तुमचं काय हाय यात, शेट? माझ्या भावाची पोरं हायेत."

"भावाची आहेत म्हणूनच विचारतो. शाळेत घालणार का भट्टीवर?"

"तितं शाळा कुठली? माजी पोरंबी भट्टीवरच वाडली. मी काय दुस्मन हाय का यांचा? मलाबी पोट हाय." चुलत्याचा आवाज पडला. तो खोटे बोलत नव्हता, मित्रांनो. पण दिपेश दारातून हलला नाही. "मग मी सांगतो," तो म्हणाला, "ही पोरं इथून जाणार नाहीत. समितीपुढे मी उभा राहतो. कागद असो की नसो."

हे शब्द त्याच्या तोंडून निघाले तेव्हा नवसी अंगणात पोचली होती. चेहरा उन्हाने करपलेला, चप्पल तुटलेली. तिने पिशवी माझ्यावर ठेवली आणि दोन्ही हात टेकून उभी राहिली. मग सगळे सांगितले.

ट्रॉलरच्या मालकाने तिला दारातूनच हाकलले होते. देऊ नावाचा माणूस आमच्याकडे नव्हताच, म्हणाला. तेव्हा ती बंदराच्या धक्क्यावर तीन दगड मांडून बसली आणि तिथल्या खलाशांना भाकऱ्या भाजून देऊ लागली. कितीतरी दिवसांत त्यांनी घरची भाकरी खाल्ली नव्हती. तिसऱ्या दिवशी देऊच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, स्वतः तिच्यापाशी येऊन बसला. जाळ्याचा दोर पायात अडकून देऊ कसा ओढला गेला ते त्याने सांगितले. समुद्रात जाताना खलाशी आपला फोटोचा पास धक्क्यावरच्या कचेरीत ठेवत. देऊचा पास तिथेच पडून होता. तांडेलाने तो मिळवून दिला आणि घडलेले सगळे कचेरीतल्या कारकुनाकडून लिहवून घेऊन त्याखाली आपला अंगठाही उठवला.

नवसीने पास माझ्यावर ठेवला. निशा बाहेर आली, फोटोकडे पाहून म्हणाली, "बाबा." मग चुलत्यानेही पास हातात घेतला आणि तो बाकावर टेकला. भावाचा फोटो त्याच्याकडे एकही नव्हता. नवसीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तो एकटाच परत गेला, पण जाताना निशाच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

समितीने चार वेळा बोलावले. चारही वेळा दिपेश आणि नवसी गेले. शेवटी दोघा भावंडांना एकत्र सदनात ठेवण्याचा हुकूम मिळाला. पण नवसीचे काम तिथे संपले नव्हते. तिच्या वहीत तिने धक्क्यावरच्या खलाशांना विचारून स्वतःच्या अक्षरात नऊ नावे लिहून आणली होती. देऊसारख्याच दर्यात गेलेल्या, सरकारी पुस्तक नसलेल्या खलाशांची मुले. सदन बंद करण्याच्या मीटिंगला तिने ती वही माझ्यावर उघडून ठेवली. दिपेशने नावे मोठ्याने वाचून दाखवली. त्या दिवशी बंद करायचा विषय पुढे निघालाच नाही.

माझ्या अंगावरच्या फायली कपाटात गेल्या, पंखे आणि डबे भंगारात. मुले येत गेली. गेल्या वर्षी अशी वेळ आली की कोपर कोपराला लागू लागले. मला वाढवता येईल का ते बघायला दिपेशने उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून एक दुकानदार बोलावला. त्याने मला ठोकून पाहिले. "बाई, ये पुराना माल है. नया ले लो, हलकं, घडी होणारं. इसको कितना जोडोगे?"

"लागंल तेवढं," नवसी म्हणाली.

समर्थ नावाच्या बदलापूरच्या सुताराने मला चार फुटांचा आंब्याच्या लाकडाचा तुकडा जोडला. त्याचा रंग फिका आहे, माझा काळपट. सांधा लांबूनही दिसतो. मला त्याची लाज वाटत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसत जा, त्यांच्या पायांना वाळवी लागली का ते वाकून बघत जा, हे मी सांगणारच. टेबलाने नाही सांगायचे तर कोणी? पण नुसत्या पुसण्याने वस्तू जगत नाही. तिला काम द्या. आणि तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत असे एखादे मूल आले, ज्याच्यासाठी कोणाकडे कागद नाही, तर आधी त्याला बसायला सांगा. कागद मागून आणता येतो. जागा नाही असे म्हणू नका. सगळे थोडे थोडे सरकले की जागा होते. मी ते रोज दोन वेळा पाहते.